छातीचा साचा

"त्या मापावर उकळतं पानी वत गं, पोरीनं हात लावलाय."

आवाज चढा नव्हता, रागाचाही नव्हता. म्हशीला पेंड टाक, दार ओढून घे, असं घरात कुणी सहज सांगावं तसा तो आवाज होता. सहज होता म्हणूनच की काय, बेचाळीस वर्षं झाली तरी भामाबाईच्या कानातून तो निघाला नव्हता.

तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. नाणे मावळातल्या तिच्या गावात कोंडाजीच्या ओट्यावर सकाळी दूध गोळा व्हायचं आणि त्याच्या सायकलीला लटकून लोणावळ्याच्या हॉटेलांत, बंगल्यांत जायचं. सगळ्या गावाचं दूध घालून झालं की मग बौद्धवाडीची पाळी. माप ओट्याच्या कडेला ठेवलेलं असायचं. भामानं खाली उभं राहून, टाचा उंचावून, मापाला तांब्या न लावता वरून धार सोडायची. एका सकाळी भरलेलं माप कलंडलं. रिकामा तांब्या टाकून भामानं दोन्ही हातांनी ते धरलं. थेंबही सांडू दिला नाही. कोंडाजीनं ते दूध किटलीत ओतलं, माप बाजूला ठेवलं, आणि तिच्याकडे न बघता आत बायकोला ते वाक्य सांगितलं.

दूध चाललं. हात चालला नाही.

घरी येऊन तिनं आपले हात हुंगून पाहिले. दुधाचाच वास येत होता. आई जात्यावर बसली होती. तिनं ऐकून घेतलं, दाणे टाकणारा हात काही थांबवला नाही. फक्त गळ्यातली ओवी बदलली:

दूध माझ्या म्हशीचं गं, गेलं बंगल्याच्या दारी
हात माझा मागं ऱ्हाई, शेना-मातीच्या शेजारी

पुढं भामा लग्न होऊन देहूरोडला गेली. नवरा लष्कराच्या डेपोत मजूर होता, तो गेल्यावर ती सफाईच्या कामाला लागली. दवाखान्यांच्या फरशा पुसण्यात चोवीस वर्षं निघाली. एवढ्या वर्षांत तिनं ओकाऱ्या पुसल्या, पू धुतला, मेलेल्या माणसांखालच्या चादरी घड्या करून उचलल्या, पण नाकाला पदर लावला नाही. नवीन बायका तोंड वाकडं करायच्या तेव्हा ती म्हणायची, "किळस करनाऱ्यानं घरी बसावं गं. आपल्याला कुनी केली ती पुरे झाली."

आता ती तळेगावच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागून उभ्या राहिलेल्या एका कर्करोगाच्या हॉस्पिटलात होती, आणि गेले दोन महिने तिथल्या तळघरात, किरणांच्या विभागात. पहिल्या दिवशी ती त्या खोलीच्या दारातच थबकली होती. भिंतीवर ओळीनं खुंट्या होत्या आणि खुंट्यांवर माणसांच्या छात्या. पांढऱ्या प्लास्टिकच्या जाळीचे साचे. कुणाच्या बरगड्या वर आलेल्या, कुणाचं पोट सुटलेलं, कुणा बाईचा एकच उभार. सापानं कात टाकावी तशी माणसं आपलं अंग इथं टाकून कुठं तरी निघून गेल्यासारखी दिसत होती. प्रत्येक साच्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव.

मशीन चालवणारा इर्शाद तळेगाव दाभाड्याचा, तिशीतला, बोलघेवडा. त्यानं तिला कामं समजावून दिली आणि शेवटी साच्यांकडे बोट दाखवलं.

"मावशी, हे पुसायचे गार पाण्याच्या फडक्यानं. औषधाचे दोन थेंब टाकायचे. बास."

"घासायचं न्हाई?"

"घासायचं नाही, खरवडायचं नाही, जास्त माया करायची नाही."

ती हसली. गारच का, हे तिनं विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही.

कोंडाजी आला त्या दिवशी ती कोपऱ्यातली फरशी पुसत होती. टेबलावर एक म्हातारा उघड्या अंगानं उताणा पडला होता. हात डोक्याच्या वर नेऊन दांड्याला धरलेले, काखा उघड्या, छातीवर पिकलेले केस. खोकून खोकून गळ्याच्या शिरा दोरीसारख्या झालेल्या. इर्शादनं जाळीची एक कोरी पाटी गरम पाण्याच्या टाकीत सोडली.

"मावशी, बघा, पोळी टाकली तव्यावर!"

पाटी हळूहळू काचेसारखी आरपार झाली आणि लोंबायला लागली. इर्शादनं आणि दुसऱ्या पोरीनं ती चारही बाजूंनी उचलली, झटकली आणि म्हाताऱ्याच्या छातीवर ताणून बसवली.

"आबा, ऊन लागेल जरा. श्वास नेहमीसारखा घ्या. हलायचं मात्र नाही."

"हलतोय कशाला?" म्हातारा पडल्या पडल्या बोलला. "मढं कदी हलतंय व्हय?"

भामाबाईच्या हातातला फडक्याचा दांडा थांबला. आवाज खरवडला होता, मधे मधे दम तुटत होता. पण सहजपणा तोच होता. इर्शादनं पट्टीवर नाव लिहिलं. ती लांबून वाचायचा प्रयत्न करत राहिली, वाचायची गरज नव्हती तरी. कोंडाजी.

साचा गार होऊन लाकडासारखा कडक झाला. भिंतीतून निघणाऱ्या लाल रेघा म्हाताऱ्याच्या अंगावर जिथं एकमेकींना छेदत होत्या, तिथं इर्शादनं साच्यावर पट्ट्या चिकटवून त्यांवर फुल्या काढल्या.

"फुल्या कशाला रे?" तिनं नंतर विचारलं.

"मावशी, आबांच्या फुप्फुसात गाठ आहे अक्रोडाएवढी. शेजारी अन्ननलिका, पलीकडं काळीज. माणूस बोटभर सरकला की किरण गाठ सोडून भलतीकडं जाणार. म्हणून रोज त्याच जागी, तसंच्या तसं झोपवायचं. हा साचा म्हणजे आबांचा पत्ता. पत्ता चुकला की टपाल दुसऱ्याच्या घरी."

तेव्हापासून कोंडाजी रोज अकराला यायचा, शनिवार-रविवार सोडून. त्याला आणायची त्याची सून, सारिका. स्कूटरवर मागं सासऱ्याला बसवायची आणि तो पडू नये म्हणून आपल्या ओढणीनं त्याला स्वतःच्या कमरेशी बांधून घ्यायची. "मामंजी, धरून बसा म्हटलं तर लाजतात," ती सांगायची. "मग काय करणार? पोतं बांधते तशी बांधते."

भामाबाईला त्याची किळस यायला लागली. पहिल्याच आठवड्यात. तिलाच नवल वाटलं. असल्या शेकडो म्हाताऱ्यांची घाण तिनं काढली होती. पण ह्याच्या घशातली घरघर ऐकली की तिच्या जिभेवर आंबूस पाणी यायचं. तो बाकावर बसून उठला की बाक ती दोनदा पुसायची. त्याच्या नखांतला मळ, ओठांच्या कोपऱ्यात सुकलेली लाळ, धोतराला येणारा मुताचा वास, सगळं तिला डोळे मिटले तरी दिसायचं आणि घरी भाकरीच्या घासाबरोबर वर यायचं. त्याला हाक मारायची वेळ आली की ती सारिकेलाच हाक मारायची. आबा म्हणायला तिची जीभ वळत नव्हती आणि गावात त्याला सगळे म्हणत ते कोंडाजीभाऊ तर नाहीच नाही.

एकदा सारिका औषधं आणायला वर गेली होती. म्हातारा बाकावर एकटाच होता.

"बाय, घोटभर पानी दे गं."

तिनं कागदी पेला भरला. बाकाच्या कडेला ठेवून द्यावा असं मनात आलं होतं; पण त्यानं हात पुढं केला होता. पेला तिच्या हातातून त्याच्या हातात गेला. बोटाला बोट लागलं. तो प्यायला, घटाघटा, हनुवटीवरून ओघळ आला तरी प्यायला. आणि मग म्हणाला, "ग्वाड हाय. कुटली गं तू?"

"हितलीच," ती म्हणाली.

"हितली म्हंजी?"

"देहूरोडची."

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. ती मोरीत जाऊन हात धूत राहिली, साबण संपेपर्यंत. त्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं. ज्या वाक्यावर तिचं सगळं बाळपण खिळलं होतं, ते ह्यानं वाटेवर थुंकून टाकावं तसं टाकून दिलं होतं आणि आता हा तिच्या हातचं पाणी गोड आहे म्हणत होता.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी साच्यात असतानाच त्याला उबळ आली. इर्शाद धावत आत जाईपर्यंत उशीर झाला होता. छातीवर साचा घट्ट, हात वर, डोकं उशीच्या खाचेत, तोंड वळवायची सोय नाही. हिरवट, मधे रक्ताचा धागा असलेला बेडका जाळीच्या भोकाभोकांत जाऊन बसला. सारिका सासऱ्याला पुसत, रडू आवरत घेऊन गेली. इर्शाद म्हणाला, "मावशी, एवढा साचा स्वच्छ करा प्लीज. उद्या परत लागेल."

ती साचा हातभर लांब धरून सफाईच्या मोरीत आली. गार पाण्यानं फडकं भिजवून पुसलं. बेडका लांबला, ताणला गेला, भोकांतून तिच्या बोटांवर आला. अजून ताजा होता. तिनं बोटं झटकली. आणि त्याच वेळी कानात तो आवाज, सहज, घरातला.

शेजारी सफाईच्या बायकांच्या चहासाठी ठेवलेली पाण्याची मोठी किटली वाफाळत होती.

कच्चं मडकं पाण्यात विरघळतं, भाजलेलं विरघळत नाही, हे तिला ठाऊक होतं. टाकीत मऊ पडायची ती कोरी पाटी. हा तर तीन आठवडे लाकडासारखा कडक होता. एवढाच विचार तिनं केला, तोही ओझरता. मग तिनं किटली उचलली आणि साच्यावर कलती केली. ओठ हलत होते तिचे. "वत. उकळतं पानी वत त्याच्यावर. हात लावलाय." वाफ तोंडावर आली आणि तिला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. बेडका सुटून मोरीत गेला, भोकं मोकळी झाली, आणि ती ओततच राहिली.

साचा काचेसारखा झाला.

डाव्या बाजूची बरगडी आधी आरपार दिसली, मग खाली लोंबली. भामाबाईनं किटली आपटली आणि दोन्ही हातांनी ती बाजू सावरली, कलंडतं माप सावरावं तशी. बोटं पोळली. आतून तळवा लावून बरगडी वर ढकलली, कडेला वळण दिलं, गार पाणी सोडलं. बघता बघता साचा पुन्हा पांढरा झाला, कडक झाला. फुलीची पट्टी जागेवर होती. की जरा खाली आली होती? तिनं साचा उजेडात धरला. होता तसाच दिसत होता, साधारण.

साधारण. त्या शब्दाला धरून तिनं साचा खुंटीवर अडकवला, आणि फरशी पुसून सगळ्यांच्या आधी निघून गेली. गाडीत तिनं हात हुंगले. साबणाखालून अजून तो वास येत होता.

गुरुवारी ती सगळी सकाळ इर्शादच्या आजूबाजूला घोटाळली. सांगावं तर नोकरी जाणार, ह्यात शंका नव्हती. ठेकेदार एका फुटलेल्या बादलीसाठी बाईला घरी बसवत होता. न सांगावं तर? दोनदा तिनं तोंड उघडलं. एकदा इर्शादचा फोन वाजला, एकदा तोच म्हणाला, "मावशी, आज काय माझी सावली झालात का?" आणि तिचं तोंड मिटलं.

अकराला स्कूटर आली. सारिका आज हसत होती. सासऱ्याला बाकावर बसवून ती भामाबाईच्या जवळ आली.

"मावशी, सोमवारच्या फोटोत गाठ बारीक झालेली दिसली. डॉक्टर म्हणाले, आहे तसंच नेमकं चालू राहू दे. नेमकं, असं दोनदा म्हणाले. रात्री मामंजींनी किती दिवसांनी अर्धी भाकरी खाल्ली."

"रोज काढत न्हाईत का गं फोटो?" भामाबाईनं विचारलं. आवाज तिचा तिलाच पोकळ वाटला.

"सोमवारी सोमवारी. का हो?"

"काय न्हाई. सहज."

इर्शादनं म्हाताऱ्याला टेबलावर झोपवलं, हात वर करून दांड्याला लावले आणि साचा बसवला. तीन चाप लागले. चौथा लागेना.

"आबा, सुनेनं काल जास्त वाढलं वाटतं!"

"आर्धी भाकर, बाबा. तीबी मोजून खाल्ली."

इर्शादनं गुडघ्याचा रेटा देऊन चाप बसवला. मग तो थांबला. डाव्या बरगडीपाशी साचा अंगाला भिडत नव्हता. बोटभर फट होती. बादली घेऊन दारात उभ्या असलेल्या भामाबाईला ती फट तिथूनही दिसली. इर्शादनं तीत करंगळी घातली, कपाळाला आठी घातली.

"वजन उतरलंय तुमचं," तो शेवटी म्हणाला, अर्धं स्वतःशी. "सोमवारी फोटो काढू तेव्हा लागला तर नवीन साचा करू."

त्यानं टेबल थोडं सरकवलं, लाल रेघ फुलीवर आणली. चुकलेल्या फुलीवर बरोबर आणली.

"मावशी, चला बाहेर. दार लावतोय."

ते दार हातभर जाडीचं होतं. सरकायला लागलं की खालची फरशी गुरगुरायची. भामाबाई बाहेर आली. आजचा दिवस आणि उद्याचा. सोमवारी नवीन साचा होईल, वजन उतरलं म्हणून. कुणाला काही कळणार नाही. किरण दिसत नाहीत, वास येत नाही, आवाज येत नाही. म्हाताऱ्याच्या अन्ननलिकेला जाळ लागला तर तो आजाराचाच म्हणतील. किती सोपं होतं. कुणावर हात उगारायचा नव्हता, आवाजसुद्धा चढवायचा नव्हता. तिकडे न बघता उभं राहायचं होतं फक्त.

कोंडाजी तसाच तर उभा होता ओट्यावर.

तिला ओकारी आली. खरोखरीची, पोटापासून. म्हातारा तर आत होता, दाराच्या पलीकडे. इथं तिच्याजवळ तिच्याशिवाय कुणीही नव्हतं. बादली तिच्या हातातून सुटली आणि पाणी सगळ्या बोळात पसरलं.

"इर्शाद, थांब! दार उघड!"

"काय झालं?"

"त्याचं वजन न्हाई उतरलं. साचा बिघडलाय. मी काल त्याच्यावर उकळतं पानी वतलं. लोंबला तो. मी हातानं बसवला परत."

इर्शादच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्यानं बटण दाबलं, दार मागं गुरगुरलं. तो आत धावला, मागोमाग तीही. त्यानं चाप काढले, साचा उचलून दिव्याकडे धरला आणि बघत राहिला.

"मावशी, उकळतं पाणी ओतलंत? गार म्हणून सांगितलं होतं ना मी? पहिल्याच दिवशी? आत्ता मी बटण दाबलं असतं म्हणजे?" त्यानं साचा पुन्हा उलटून पाहिला. "तुमचं तर जाईलच. माझं काय? ह्या फटीत बोट घालून मी वजन म्हणालो!" तो साचा तसाच हातात घेऊन डॉक्टरांना बोलवायला गेला.

खोलीत दोघंच उरली. म्हातारा अजून तसाच उताणा होता. हात डोक्यावर, मुठी दांड्याला. कुणी सांगितलं नव्हतं म्हणून त्यानं ते खाली घेतले नव्हते. छातीवर जाळीचे चौकोन उमटले होते आणि त्यांच्यामधून कातडं वरखाली होत होतं. लाल रेघ अजून त्याच्या बरगडीवर पडली होती.

"हात घेऊ का खाली?" त्यानं विचारलं.

"घ्या."

ते त्याला जमेना. खांदे आखडले होते. भामाबाई पुढं झाली आणि तिनं त्याचे हात, एक एक करून, खाली आणले. काखेचा उबट, आंबट वास तिच्या नाकात गेला. तिनं श्वास रोखला नाही.

"उकळतं पानी कशाला वतलंस गं बाय?" म्हातारा छताकडे बघत म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट लाज होती. "लय घान केली व्हती का मी?"

व्हय म्हणता आलं असतं. त्यानंच वाट काढून दिली होती. आणि बाहेर बोळात पावलं वाजायला लागली होती. डॉक्टर यायला क्षणभराचाच अवकाश होता.

"घान व्हती," ती म्हणाली. "पन तेवढ्याला गार पानी पुरलं असतं. तुमी मागं इचारलं, कुटली तू. मी देहूरोड सांगितलं. मी तुमच्याच गावची हाय, कोंडाजीभाऊ. वाडीतली भामा. तुमचं दुधाचं माप कलंडलं तवा मी दोन हातांनी धरलं व्हतं, थेंबबी सांडू दिला न्हवता, आन् तुमी घरात सांगितलं, त्याच्यावर उकळतं पानी वत. काल मला तुमची किळस आली. तुमाला माजी आली व्हती ना, तशीच."